पहिलं तेल

माणसाची कातडी गोंदाने चिकटलेली नसते, हे मी म्हैसूरच्या एका कॉलेजात दर वर्षी नव्या मुलांना सांगते. प्रत्येक पेशी आपल्या अंगातून प्रथिनांचे बारीक हात बाहेर काढते आणि शेजारच्या पेशीचे तसलेच हात घट्ट धरते. दुसऱ्या जातीचा हात आला तर ओळखही दाखवत नाही. इथे मी थांबते आणि म्हणते, आमच्या मराठी लोकांच्या सोयरिकी अशाच जुळतात. पिढ्यान्पिढ्या इथे राहिलो, घरात निम्मं कन्नड बोलतो, पण मुलासाठी बायको शोधायची म्हटलं की पुण्याची गाडी पकडतो. मुलं हसतात. माझी भावजय अशीच आणलेली आहे.

आई त्या सुनेला कधी वाकडं बोलली नाही. वाकडं बोलायला तिला मी होते. आम्ही तिला अम्मा म्हणायचो, पण लिहिताना माझ्या हातून आईच उतरतं. माझा रंग, माझं चालणं, माझं लग्न न होणं, माझ्या हातचं सारू-भात, यातलं काहीही तिला पुरायचं. धाकट्या भावाला मात्र तिने आयुष्यात एकदाही रागावलेलं मला आठवत नाही. त्याने दहावीत गटांगळी खाल्ली तेव्हा तिने मला विचारलं होतं, "तू काय करत होतीस?"

ती राहायची त्याच्याकडेच, गावातल्याच विजयनगर वस्तीत. मी चामराजपुरमच्या जुन्या घरात एकटी. मुलाच्या घरी राहायचं, मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून जायचं, एवढंच तिने आयुष्याकडे मागितलं होतं, आणि ते मिळालं म्हणून ती माझ्याकडे थोडी कीव केल्यासारखं बघायची.

मग तिच्या तोंडात फोड आले. आधी तिखट बंद झालं, मग भात गिळेना. नंतर पाठीवर, दंडांवर पाण्याने भरलेले मोठे फोड उठले, फुटले, आणि खालचं लाल मांस उघडं पडलं. त्वचेच्या डॉक्टरांकडे मी नेलं. त्यांनी तिच्या दंडावर अंगठ्याने हलकेच ढकललं, आणि दुधावरची साय सरकावी तशी कातडी सरकली. मी पुस्तकात वाचलेलं होतं. पुढचं त्यांनी सांगायच्या आत मला कळलं.

या आजारात शरीराचे रक्षक शरीरावरच उलटतात आणि नेमके ते हात तोडतात. पेशी मरत नाहीत. त्या धडधाकट असतात, फक्त एकमेकींना धरू शकत नाहीत, आणि मधल्या फटीत पाणी भरत जातं. संसर्गाचा यात काही संबंध नाही. शेजारी झोपलं, एका ताटात जेवलं, तरी कुणाला काही होत नाही.

हे मी भावाच्या दिवाणखान्यात बसून कागदावर चित्र काढून समजावलं. भावजय मान हलवत ऐकत होती.

"ताई, तुम्ही म्हणता ते बरोबरच असेल हो. पण घरात लहान मुलं आहेत. आणि तो वास..."

भाऊ चित्राकडे बघत म्हणाला, "अक्का, तुला यातलं सगळं कळतं. मग तिने तुझ्याकडेच राहायला हवं, अल्वा, नाही का?"

माझंच चित्र माझ्या गळ्यात पडलं. त्याने आईला सांगितलं, थोडे दिवस अक्काकडे रहा, बरं वाटलं की मी येतो न्यायला. ती गाडीत बसली तेव्हा तिने आपली पानांची डबीही घेतली नाही. परत तिथेच जायचं होतं ना.

माझ्या घरी आल्यावर तिचं एकच काम होतं: वाट बघणं. मी रोज कॉलेजला जायच्या आधी तिच्या जखमा धुवायची, व्हॅसलीन लावलेल्या जाळीच्या पट्ट्या ठेवायची. आणि रोज ती म्हणायची, "तुझा हात जड आहे." माझा हात जड नव्हता. मी श्वास रोखून पट्टी ठेवायची. मला तिचा इतका राग यायचा की बाहेर येऊन मी नळाखाली हात धरून उभी राहायची, आणि पुन्हा आत जायची.

औषधांनी तिचं तोंड सुजलं, साखर वाढली, पण फोड वाळू लागले. तोंड बरं झालं. दसरा आला. भाऊ म्हणाला, गर्दीत गाडी निघत नाही, दसरा झाला की येतो. बन्नीमंटपातली मशालींची कवायत बघायला मात्र त्याच्याकडे सगळ्यांचे पास होते. आई टीव्हीला नाक लावून बसली. घोडे, मोटारसायकली, मशाली, कशाकडे तिचं लक्ष नव्हतं. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला की ती बोट ठेवायची, "हा बघ. हा तोच." तो तो नव्हता. प्रत्येक वेळी तो नव्हता. मी एकदाही तसं म्हटलं नाही, आणि ते प्रेमाने नव्हे. मला बघायचं होतं, ती किती वेळ शोधते.

दिवाळी जवळ आली तशी तिने हट्ट धरला. आमच्या घराण्याची एक रीत आहे. पूर्वज इथल्या राजाच्या घोडदळात होते, आणि नरकचतुर्दशीला आईच्या अंगाला पहिलं तेल लेकाने लावायचं, तेही घोड्याला खरारा करतात तशा जोराने. तळहाताची मनगटाकडची टाच टेकवून, खांद्यापासून मनगटापर्यंत, कातडी लाल होईस्तोवर. हलक्या हाताने लावलं तर आमच्यात म्हणतात, पाहुण्याला लावलं. लेक गावात असताना दुसऱ्याने पहिलं तेल लावणं म्हणजे लेक मेला असं समजायचं.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तेलाचे थेंब ठेवा हवे तर, पण घासायचं नाही; वरून बरी दिसते ती कातडी अजून आतून सुटलेली आहे. मी भावाला फोन केला आणि तेच सांगितलं, सावकाश, दोनदा.

"आयतु अक्का, कळलं, आयतु," तो म्हणाला. "फक्त हात लावतो."

आदल्या संध्याकाळी अभ्यंगाचं पाणी भरून ठेवायचा सण. तांब्याचा हंडा कधीच मोडीत गेला होता, म्हणून मी प्लास्टिकच्या बादलीला हळदीकुंकू लावून शेवंतीची माळ घातली. आईने बादलीकडे बघून तोंड फिरवलं. पहाटेपासून ती पाटावर बसून होती. मी म्हटलं, थोडं काहीतरी खा. "बेड, नको," ती म्हणाली. "तेलाआधी खात नाहीत. सुम्ने गप बस तू."

तो आला तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. तो न्हाऊन आला होता. केस ओले, अंगावर नवा शर्ट, मुलं आणि बायको गाडीतच. दारात त्याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला, मग आईने बघितलं म्हणून तोंड पुसल्यासारखं केलं. आईला तो रुमाल दिसला. मला तिचा चेहरा दिसला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तिच्या बाजूने चिडले. त्याला बाहेर काढावंसं वाटलं.

"तू घाबरतोस मला," ती म्हणाली. जे बोलणं आयुष्यभर माझ्या वाट्याला आलं, ते तेव्हा एकदाच त्याच्या वाट्याला आलं.

त्याचे कान लाल झाले. "कोण म्हणतं?" म्हणून तो तिच्यासमोर बसला, शर्टाच्या बाह्या वर केल्या, वाटीतलं कोमट तेल ओंजळीत घेतलं. घाबरत नाही हे त्याला दाखवायचं होतं. तिला, गाडीतल्या बायकोला, की स्वतःलाच, मला ठाऊक नाही. त्याने तिचा डावा हात धरला आणि तळव्याची टाच टेकवली, पूर्ण वजनाने, घराण्याला शोभेल अशी.

मी झेप घेऊन त्याचं मनगट पकडलं. "घासू नको, सांगितलं होतं तुला!"

"हात काढ!" आई माझ्यावर ओरडली. "माझा लेक आहे तो. लाव रे मगा, लाव माझ्या लेका."

त्याने माझा हात झटकला आणि कोपरापासून मनगटापर्यंत एकदा ओढलं. कातडी त्याच्या तळव्याबरोबर खाली आली आणि मनगटाशी गोळा होऊन बसली.

आई हूं की चूं बोलली नाही. माझी पट्टी सुटताना घर डोक्यावर घेणारी बाई डोळे मिटून बसली होती आणि तिच्या ओठांवर हसू होतं. तो मात्र स्वतःच्या तळव्याकडे बघत उठला, न्हाणीघरात जाऊन साबणाने हात धूत राहिला, धूत राहिला, आणि फराळ न करता गेला. न्यायचा विषय निघाला नाही.

मी जाळी आणि सलाईन घेऊन बसले तर तिने तो हात पदराखाली ओढून घेतला.

"याला तू लावू नको. त्याने लावलेलं तेल आहे."

मी विनवलं, ओरडले, ती झोपल्यावर प्रयत्न केला. ती त्या हातावर झोपायची. डॉक्टरांना घरी बोलावून आणलं तोवर ताप चढला होता. त्या औषधांनी अंगात झुंजायची ताकद ठेवलेली नसते; जखमेतलं विष रक्तात गेलं. इस्पितळात भाऊ बाहेरच्या बाकावर बसला. त्याला आत बघवत नव्हतं. आईने मला एकदाच विचारलं, "तो आला होता ना तेलाला?"

"आला होता."

"बघ. तू म्हणत होतीस येणार नाही." मी असं कधीच म्हटलं नव्हतं.

तिला घरी आणलं तेव्हा अंगण नातेवाइकांनी भरलं होतं. भाऊ त्यांच्यात बसून रडत होता आणि सांगत होता, शेवटचं तेल माझ्या हातचं, एकदासुद्धा कण्हली नाही. म्हातारे त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, भाग्यवान बाई. आतमध्ये बायकांनी तेलाची वाटी माझ्या हातात दिली. न्हाऊ घालायचं काम लेकीचं. एक चुलती म्हणाली, "चांगलं जोराने चोळ गं, आपली रीत आहे."

मी चोळलं नाही. कपाळाला लावलं, पाठीला, पावलांना, बोटाच्या टोकाने, थेंब थेंब. मग पदराखालचा डावा हात बाहेर काढला. कोपरापासून खाली एका तळव्याच्या रुंदीची जागा उघडी होती. तिथे मी तेल लावलं नाही. ती जागा तिने मला दिलेली नव्हती.