बुद्धी पाच

सावेडीतल्या एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये आमच्या कॉलेजची काही मुलं रविवारी दुपारी जमायची. मला नुकतंच घेतलं होतं, आणि पुढेही बोलावतील की नाही याची खात्री नव्हती. खेळ असा की प्रत्येकाने एक काल्पनिक माणूस व्हायचं. त्याची ताकद, बुद्धी फासे टाकून ठरवायची. गोष्ट एक मुलगा सांगायचा. कोण काय करू शकतं, यावर शेवटचा शब्द त्याचा.

माझ्या बुद्धीला पाच पडले. अठरापैकी.

"ढ आहेस तू," गोष्ट सांगणारा खुशीत म्हणाला. "आता तसंच बोलायचं. गावठी."

एरवी आम्ही इंग्रजीत खेळायचो. ढ माणसाची भाषा मात्र सगळ्यांच्या मनात ठरलेली होती. माझी आई पारनेरकडच्या खेड्यातली, घरी ती तशीच बोलते. हे मी तिथे कोणाला कळू दिलं नव्हतं. म्हणून मुद्दाम सिरियलमधल्यासारखं, खोटं "काय वो" म्हणाले. तेवढ्यावरही हशा झाला. वेफर्सचा बाऊल पहिल्यांदाच माझ्यापुढे आला.

पुढे एका रविवारी गोष्टीतल्या किल्ल्याची चावी विहिरीत पडली. सगळे अडले. मामाच्या विहिरीत बादली पडली की आई दोराला गळ बांधून ती काढते. मी तेच सुचवलं, माझ्या नेहमीच्या आवाजात.

"थांब. बुद्धी पाच," गोष्ट सांगणारा म्हणाला. "तुला हे सुचणारच नाही."

माझ्या शेजारच्या मुलाची बुद्धी सतरा. "मी दोराला हुक बांधतो," तो म्हणाला.

"ब्रिलियंट!" चावी वर आली.

"अरे, पण हे मी आत्ताच..."

"ए, ढ बाई असं बोलते का?" मैत्रीण म्हणाली. "नीट बोल."

मी उठले. तोंडातून आईचाच सूर आला. "मला न्हाई खेळायचं. लई वंगाळ हाय तुमी सगळे. मी चालले घरी."

टाळ्या पडल्या.

"कसलं भारी! इतके दिवस लपवून का ठेवलंस?" गोष्ट सांगणारा हसून हसून डोळे पुसत होता. "परत म्हण ना, वंगाळ!"

मी चपला घातल्या. "एक्झिट पण भारी," मागून कोणीतरी म्हणालं. गेटपाशी पोचले तेव्हा मैत्रीण गॅलरीत येऊन ओरडली, "पुढच्या रविवारी नक्की ये हां! तुझ्याशिवाय मजा नाही गं!"

हे वाक्य ऐकायला मी किती रविवार थांबले होते.