सोजराबाईंनी घेतलेलं नाव

न्हावऱ्याजवळच्या एका छोट्या गावात ज्योतिबा आप्पांनी सरपंच व्हायची जय्यत तयारी केली होती. पांढराशुभ्र नेहरू शर्टसुद्धा शिवून ठेवला होता. आणि सत्त्याण्णव साली पद निघालं बाईसाठी राखीव! आप्पा तावातावानं अयुब शिंप्याच्या दुकानात शिरले.

"अयुब, घटनेत दुरुस्ती केली म्हणं. मंग माझ्या हक्काचं काय?"

अयुबनं मशीन थांबवलं नाही. "आप्पा, घटनेचा सदरा त्योच हाय. बायांचा हात हलत न्हवता, म्हनून बगलंत जादा कापडाची कळी घातलीया. तुमची बाही कुनी कापली न्हाई. पुढच्या खेपंला घाला की हात."

आप्पांना एवढा धीर कुठला! त्यांनी बायकोला, सोजराबाईंना उभं केलं. त्या निवडून आल्या, सरपंच झाल्या, आणि खुर्चीवर बसले आप्पा. बाई कडेला सतरंजीवर, डोक्यावर पदर घेऊन. बैठकीला थोरले दीर मारुतराव हजर असायचे, आणि थोरल्या दिरासमोर खुर्चीवर बसायची त्यांच्या घरात रीत नव्हती. आप्पांना ही रीत एकाएकी भारी प्रिय झाली. लबाड माणूस!

मग कामाचा प्रश्न आला. निधी आला होता एकाच कामापुरता. आप्पांना वेशीवर कमान हवी होती, खाली आपलं नाव घातलेली. सोजराबाईंना वस्तीवर नळ हवा होता, कारण बाया उसाच्या रानातून हंडे वाहून मेटाकुटीला आल्या होत्या. घरात त्यांनी हा विषय काढला की आप्पा "बघू" म्हणत आणि कूस बदलत.

ग्रामसभेत ग्रामसेवक म्हणाले, "ठराव मताला सरपंचांनीच टाकायचा."

"टाकतो की," म्हणत आप्पांनी घसा खाकरला.

सोजराबाई उठल्या. आता यांना उठवायचं कसं? नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, आणि नुसतं "अवो" म्हणावं तर निम्मी सभा वळून बघणार. पण नाव घ्यायची एक वाट लग्नकार्यात बायांना मोकळी असते. बाईंनी पदर सावरला आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला,

"टाकीच्या तोटीला लावली निळी नळी,
ज्योतिबारावांचं नाव घेते, खुर्ची करा मोकळी!"

बाया खदखदून हसल्या. आप्पांचे कान लालबुंद झाले. मारुतराव मिशीत हसत म्हणाले, "ज्योतिबा, नाव घेतल्यावर मान राखाय लागतो. ऊठ." आणि त्यांनी आपली खुर्ची फिरवून तोंड खिडकीकडे केलं. आप्पा उठून सतरंजीवर गेले, बाई खुर्चीवर बसल्या, रीतही मोडली नाही.

"वस्तीवर नळ," त्या म्हणाल्या. "अनुमोदन कोन देतंय?"

बायांचे हात वर होण्याआधीच सतरंजीवर बसलेले आप्पा उभे राहिले. कमान गेली होती, खुर्चीही गेली होती. पण भर सभेत बायकोनं घेतलेलं आपलं नाव त्यांना काही केल्या वाईट लागलं नव्हतं.

ग्रामसेवकांनी पेन उघडलं. "अनुमोदकाचं नाव?"

आप्पा खुर्चीकडं बघत लाजून म्हणाले, "सरपंचांनी आत्ताच घेतलंय की."