डब्यात डबा आणि ताईंचा लॅटिनचा तास

लॅटिनचा वर्ग पुढच्या वर्षी राहणार की नाही, ते या एका तासावर ठरणार होतं. "पुरेशी मुलं तयार झाली तर चालू, नाहीतर बंद," असं मुख्याध्यापकांनी ताईंना तोंडावर सांगितलं होतं. मागच्या बाकांवर पालक बसले होते आणि त्यांच्यात ताईंची वहिनी, मनातल्या मनात देवाला साकडं घालत.

ताई बुटक्या. फळ्यापर्यंत हात पोचावा म्हणून स्टुलावर चढायच्या. मुलं मागून त्यांना 'छोट्या बाई' म्हणत, आणि ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. शब्द शिकवायचा तर घरातली वस्तूच टेबलावर मांडायची, ही त्यांची रीत. पिशवी भरून द्यायचं काम वहिनीचं.

"ही किस्टा, म्हणजे पेटी," म्हणत ताईंनी डबा काढला. मग पिशवी चाचपली. रिकामी!

"अगं वहिनी, लहान डबे कुठे राहिले?"

वहिनीने बाकाखाली वाकून पाहिलं. मग आठवलं. स्वयंपाकघरात जागा वाचवायची सवय. हातांनी आपसूक तेच केलं होतं.

"अहो ताई, त्याच्याच पोटात आहेत! उघडा की!"

वर्ग खो-खो हसला. आतून निघाली छोटी पेटी, किस्टुला. तिच्यातून किस्टेल्ला.

"अजून आहे, बाई?" पहिल्या बाकावरची मुलगी उभीच राहिली.

"आहे ना! किस्टेल्लुला." सुपारीएवढी डबी ताईंनी तळहातावर धरली. "शब्दाला 'उल' नाहीतर 'एल्ल' जोडलं की वस्तू लहान होते. पण मूळ शब्द स्त्रीलिंगी, तर पिल्लूही स्त्रीलिंगीच. होर्टुस, म्हणजे बाग, तिकडे पुल्लिंगी. म्हणून छोटी बाग होर्टुलुस. काहींना मात्र आधी 'क' लागतो. क्लाविस म्हणजे किल्ली, क्लाविकुला छोटी किल्ली. ती प्रत्येकाकडे आहे. गळ्याखालचं आडवं हाड चाचपा बघू!"

मुलांबरोबर पालकही गळे चाचपू लागले.

"बाई, आणि कुलूप?"

"तुझ्या तोंडाला. तास संपला की उघड."

शेवटी मुख्याध्यापकांनी विचारलं, "लॅटिन कोण कोण घेणार?" ते हात मोजायला लागले आणि मधेच थांबले. "बाई, वर्ग चालूच ठेवा."

"कोण हो त्या तुमच्या?" शेजारच्या बाईंनी वहिनीला विचारलं.

वहिनीने पदर सारखा केला, मान ताठ केली.

"माझ्या नणंदबाई," ती म्हणाली. "आणि डबे आमच्या घरचे."