बोलणं संपेपर्यंत

वैशालीचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात, तिच्या नवऱ्याच्याच टेबलावर बसले होते. समोर त्याचं यंत्र सकाळपासून बिनचूक चाललं होतं. "दिनेश गेला गं," एवढंच ती म्हणाली. मी यंत्राकडे बघत राहिले... संध्याकाळी मुलुंडला त्याच्या घरी जाऊन, यंत्र दिवसभर नीट चालल्याची खबर त्याला द्यायची होती.

दिनेश परब आणि मी या छोट्या कंपनीत एकदमच लागलो. दूध थंड ठेवायच्या टाक्यांचं तापमान पाहणारी यंत्रं आम्ही बनवतो. गेल्या वर्षी त्यांचं काहीतरी बिनसलं. मधूनच आकडा यायचा, थंडगार टाकीत दूध उकळतंय! या यंत्रात सामाईक तारांवर दोन चिपा बसवलेल्या असतात. बोलणं कोणाशी चाललंय हे कळावं म्हणून प्रत्येकीला आपली एक वेगळी तार, चिप सिलेक्ट. बोलणं पुरं होईपर्यंत ती धरून ठेवायची, इतकी साधी रीत. साहेब म्हणाले, "थोडा डिले टाक ना यार, चालून जाईल." डिले टाकला, म्हणजे मधे क्षणभराचा थांबा, तरी आकडे तसेच. परबने मग त्या तारेवर, ती धरलेली असेपर्यंत पेटणारा एक छोटा हिरवा दिवा जोडला आणि सगळं मुद्दाम सावकाश चालवून बघितलं. लांब निरोप दोन तुकड्यांत जायचा, आणि नेमका मधे दिवा विझायचा. चिपांशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिथे तार सोडत होता. बिचाऱ्या चिपला वाटायचं, बोलणं संपलं, आणि पुढचा आकडा भलताच यायचा. "अर्ध्यार सोडता हा गो!" परब मालवणीत ओरडला आणि आख्खं ऑफिस गोळा झालं.

ड्रायव्हरची दुरुस्ती त्याने लिहायला घेतली आणि आजारी पडला. उरलेली मी त्याच्या पलंगाशी बसून, तो सांगेल तशी लिहिली. शेवटच्या भेटीत त्याने बजावलं, "दिवसभर चालू दे, मग सांग. अर्धवट खबर नको मला." माणसांशीही तो असाच. समोरचा बोलत असला की स्वतःचा फोन वाजला तरी घ्यायचा नाही. आम्ही त्याची यथेच्छ टर उडवायचो. अर्धवट खबर नको म्हणाला होता, म्हणून मी त्या दिवशी दुपारी त्याला फोन केला नाही. करायला हवा होता. अर्धवट तर अर्धवट, त्याच्या कानावर गेली असती... ही हळहळ काही केल्या जात नाही.

कार्य उरकल्यावर वैशालीला हे सांगितलं. ती म्हणाली, "दुपारी त्याने विचारलं होतं, तिचा फोन आला का? नाही म्हटलं तर हसला. म्हणाला, मग चालू असेल. बिघडलं असतं तर एव्हाना बोंबलली असती ती."

हे खरं होतं, की माझ्या समाधानासाठी ती म्हणाली, ते मी विचारलं नाही.

त्याचं टेबल आता दुसऱ्याला मिळालंय. दिव्याचा तो बोर्ड मी माझ्याकडे ठेवलाय. सावकाश चालवला की दिवा पेटतो, निरोप पुरा होईपर्यंत पेटलेला राहतो, मग विझतो. मधे माझा फोन वाजला तर वाजू देते.