आधी गप्प फोन

आमच्या खोलीत कुणी कुणाच्या हेडसेटला हात लावत नाही. समोरचा माणूस त्या क्षणी कुणाचं काय ऐकत असेल, ते बाहेरून कळत नाही. त्या संध्याकाळी आमच्या शिफ्टचा मुख्य ग्रेग माझ्यामागे येऊन उभा राहिला, माझा चालू फोन संपेपर्यंत थांबला आणि मग त्याने स्वतःच्या हाताने माझा हेडसेट काढून टेबलावर ठेवला. "मीना, कम विथ मी," तो म्हणाला. मृण्मयी हे नाव त्याला कधी जमलं नाही, म्हणून मी तिथे मीना. बाहेर दक्षिणेचा वारा इतका सुटला होता की इमारतीच्या काचा थरथरत होत्या. कॉरिडॉरमध्ये त्याने सांगितलं की विजया गेली, घरीच. खोलीत त्यांना सगळे विजया म्हणायचे आणि मी एकटी विजूताई, त्यामुळे हे कुणाबद्दल चाललंय ते मला क्षणभर कळेना. कळलं तेव्हा आठवलं की दुपारीच मी त्यांच्याशी बोलले होते…

विजूताई वेलिंग्टनमध्ये पोलिसांच्या आपत्कालीन फोन कक्षाच्या प्रमुख होत्या. इथे संकटात माणूस १११ लावतो. आग, ॲम्ब्युलन्स की पोलीस, असं आधी विचारतात आणि पोलीस म्हणणाऱ्यांचे आणि काहीच न बोलणाऱ्यांचे फोन आमच्याकडे येतात. थांबलेले फोन समोरच्या बोर्डावर दिसतात, गप्प असलेले वेगळे. फोन घ्यायचा, माणूस कुठे आहे ते शोधायचं, गाडी पाठवायची. ही सगळी व्यवस्था ताईंच्या हाताखाली चालायची. शिवाय भूकंप झाला, नदी फुगली, डोंगर रस्त्यावर आला, तर कुणी कुठे बसायचं, वीज गेली तर फोन कुठे वळवायचे, याचं नियोजनही त्याच करायच्या. त्या मूळच्या ठाण्याच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अरुणदादांबरोबर इथे आल्या. दादा फार्मसिस्ट, जॉन्सनव्हिलमध्ये औषधांच्या दुकानात. ताईंनी साधी फोन घेणारी म्हणून सुरुवात केली आणि त्याच खोलीत एकेक टेबल ओलांडत काचेच्या केबिनपर्यंत पोचल्या. केबिनमध्ये मात्र त्या क्वचितच बसायच्या.

मी दोन हजार सालानंतर भावाकडे आले. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले, हातात डिग्री होती आणि अनोळखी माणसाशी बोलायची भीती होती. गणपतीच्या कार्यक्रमात मी एका कोपऱ्यात प्लेट धरून उभी होते. ताई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मघापासून बघतेय. तू बोलत काहीच नाहीस, पण ऐकतेस सगळ्यांचं. माझ्याकडे कामाला येतेस?" मी म्हटलं, मॅडम, मला फोनवर बोलायची भीती वाटते. त्या म्हणाल्या, "आम्हाला फोन करणाऱ्यांनाही वाटते. आणि मॅडम नको गं, इथे बॉसलाही नावाने हाक मारतात." ते मला जमलं नाही. शेवटी ताईवर तडजोड झाली.

कोणत्याही मराठी घरी जेवायला गेल्या की ताई आधी तिथल्या मुलांना गाठायच्या. "आपण आत्ता कुठे आहोत?" मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची, ॲट होम. "घर म्हणजे कुठे? नंबर? रस्ता? सबर्ब?" ते घडाघडा सांगता आलं तरच त्यांच्या पर्समधलं चॉकलेट मिळायचं. एकदा अरुणदादा सगळ्यांसमोर म्हणाले, "मी चक्कर येऊन पडलो ना, तरी ही आधी माझा पत्ता विचारेल." ताईंनी पोळी मोडता मोडता उत्तर दिलं, "विचारेनच. इतकी वर्षं राहताय, अजून शेजारचा रस्ता कुठला ते तुम्हाला सांगता येत नाही. 'डेअरीच्या मागे' हा काय पत्ता झाला?" सगळे हसले. दादा सर्वांत जास्त. आता ते हसणं आठवलं की मला घरातून उठून बाहेर जावंसं वाटतं.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतला एक फोन सांगते. ऑकलंडच्या कक्षातल्या लाइन भरल्या की तिथले फोन आमच्याकडे वळायचे. असाच एक आला आणि मला फक्त श्वास ऐकू आला. मग एक म्हातारा, कापरा आवाज, मराठीत: "पोलीस का? हे उठत नाहीयेत." मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या आजी होत्या. विचारलेल्या तीन शब्दांपैकी त्यांना पोलीस एवढाच कळला होता. मुलगा-सून कामावर, हातात मुलाने ठेवून दिलेला मोबाइल, आणि पत्ता माहीत नाही. त्या मराठीत बोलत होत्या आणि मी, मराठी घरातली मुलगी, "ॲड्रेस प्लीज" म्हणत राहिले. तोंडातून मराठी निघेचना. ताईंनी बाजूची खुर्ची ओढली, स्वतःचा हेडसेट लावला. "आजी, मी विजया. सकाळी फिरायला कुठे जाता?" स्टेशनपलीकडे, साड्यांच्या दुकानापर्यंत. "कुठलं स्टेशन? गाडीत बाई काय ओरडते?" आजींनी 'पापाटोएटो' बरोबर सांगितलं, रोज ऐकून पाठ झालं होतं. "दुकानाकडून घरी येताना कुठल्या हाताला वळता? मग किती गल्ल्या?" ताई बोलत होत्या आणि नकाशावर त्यांचं बोट आजींबरोबर चालत होतं. मग त्यांना फाटकापर्यंत नेऊन पत्रपेटीवरचा आकडा कसा दिसतो ते विचारलं. "एक म्हणजे काठी, आणि पुढे?" शेवटी म्हणाल्या, "आता दार उघडं ठेवा, बाहेरचा दिवा लावा, त्यांच्या गोळ्या टेबलावर काढून ठेवा आणि त्यांच्याजवळ बसा. माणसं येतायत." ॲम्ब्युलन्स दारात पोचल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. मी विचारलं, आजोबा वाचले का? ताई म्हणाल्या, "ते आपल्याला कुणी कळवत नाही. विचारायचीही सवय लावून घेऊ नकोस."

त्यांचा एक नियम होता. खोलीत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी कळायचा. फोन साचले की जो बोलतोय त्याला थांबवायचं आणि जो फोन गप्प आहे तो आधी घ्यायचा. "बोलतोय म्हणजे श्वास घेतोय," त्या म्हणायच्या. "ओरडणारा सगळ्यांत मजबूत. गप्प फोनवर कुणीतरी कपाटात लपलेलं असतं, नाहीतर जमिनीवर पडलेलं असतं." एकदा वादळात एक माणूस छत उडालं म्हणून शिव्या देत होता. ताईंनी त्याला थांबवून शेजारची गप्प लाइन घेतली. तिथे गळ्याशी सुरी असलेली एक मुलगी होती, तिने फोन फक्त उघडा ठेवला होता. ती सापडली, तिला बाहेर काढलेलं आम्ही रेडिओवर ऐकलं. त्यानंतर त्या नियमाबद्दल खोलीत कुणी शंका घेतली नाही. मीही नाही.

त्या दुपारी ताई रजेवर होत्या. आठवडाभर फ्लू होता, दादांनी सक्तीने घरी बसवलं होतं. दक्षिणेचं वादळ आलं, झाडं पडली, दोन ठिकाणी दरड कोसळली. आमच्याकडे फोनांची रांग लागली, ॲम्ब्युलन्सवाल्यांचीही तीच अवस्था. मी मधल्या टेबलावर होते. तिथे कर्मचाऱ्यांसाठी एक वेगळी लाइन असते, ती वाजली.

"कोण, मृण्मयी? बोर्ड कसा आहे?"

"ताई, पूर्ण लाल. थांबलेलेच खूप आहेत."

"गप्प किती?"

"चार-पाच असतील."

"हं." मग त्या जरा थांबल्या. "अगं, मला ना…"

"काय ताई?"

"काही नाही. आधी ते घे."

आवाज नेहमीचाच होता, थोडा दमलेला, पण फ्लू होताच. मी गप्प फोन घ्यायला वळले. खोलीतल्या कुणीही तेच केलं असतं. त्यांनी स्वतः तेच केलं असतं, आणि केलंच की.

संध्याकाळी अरुणदादा दुकानातून घरी गेले. अजून उजेड होता तरी बाहेरचा दिवा लागलेला, दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात टेबलावर ताईंच्या गोळ्या ओळीने मांडलेल्या, शेजारी ॲस्पिरिनची फोडलेली पट्टी. ताई खुर्चीत बसलेल्या, पायात बूट, मांडीवर पर्स. वाटेतल्या दोन खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, स्ट्रेचर यायला जागा हवी म्हणून. आपल्याला हृदयविकाराचा झटका येतोय हे त्यांना पूर्ण कळलं होतं. फोनवरच्या माणसाला जे जे करायला सांगतात ते सगळं त्यांनी केलं. आमच्याकडे फोन करून बोर्ड विचारला, आपल्याला बोलता येतंय हे पाहिलं आणि स्वतःला थांबवून ठेवलं. रांग कमी झाली की पुन्हा फोन करायचा, असा हिशेब असणार. वेळेवर ॲम्ब्युलन्स मिळाली असती तर? डॉक्टर म्हणाले, कदाचित. त्या कदाचितचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

अंत्यसंस्काराच्या दिवशी त्यांची मुलगी ईशा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती इथेच जन्मली. मराठी कळतं, बोलते इंग्रजीच. ती म्हणाली, "इफ शी'ड आस्क्ड, यू गाइज वुड हॅव गॉन, राइट? स्ट्रेट अवे?" मी म्हटलं, हो. बंद रस्ते, दरडी, थांबलेल्या गाड्या, सगळं डोळ्यासमोर होतं, तरी मी हो म्हटलं. ती म्हणाली, "सो शी पिक्ड देम." दादा लांब उभे होते, येणाऱ्या प्रत्येकाला पार्किंग मिळालं का ते विचारत होते.

दोन आठवड्यांनी मी ग्रेगकडे गेले. मी सहसा कुणाच्या केबिनमध्ये जात नाही. म्हटलं, हा नियम काढून टाका. निदान नवीन मुलांना शिकवू नका. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गिव्ह मी अ बेटर वन, मीना. आय'ल चेंज इट टुडे." मी रात्रंदिवस विचार केला. बोलणाऱ्याला आधी घेतलं तर गप्प माणूस मरतो. गप्प माणसाला आधी घेतलं तर कधीतरी बोलणारा मरतो, पण कमी वेळा. ताईंनी हे सगळं माझ्या आधी तपासून ठेवलं होतं. मला दुसरा नियम सापडला नाही. मग ग्रेगने नव्या तुकडीला शिकवायचं काम माझ्याकडेच दिलं, आणि मी नाही म्हणू शकले नाही.

तुकडीत शेजारच्या पोरिरुआ गावची हाना नावाची मुलगी आहे, एकोणीस-वीस वर्षांची, माझ्यासारखीच मागच्या खुर्चीत बसणारी. मी नियम सांगितला, सुरीवाल्या मुलीची गोष्ट सांगितली. हानाने अर्धवट हात वर केला. "बट व्हॉट इफ द वन्स टॉकिंग आर जस्ट बीइंग पोलाइट?" बाकीचे हसले. मी फळा पुसायला लागले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं… मग वळून तिला म्हटलं, तर मग आपल्याला कळत नाही. तिने मान हलवली. उत्तर तिला पटलं, आणि ते मला सहन झालं नाही.

त्याच दुपारी मी पुन्हा बोर्डावर बसले. लोक म्हणतात माणूस गेला तरी त्याचं काम राहतं, आणि हे दिलासा म्हणून म्हणतात. ताई त्या खोलीत पूर्णपणे आहेत. फोन साचले की सगळ्यांचे हात एकाच क्रमाने हलतात, तो क्रम त्यांचा आहे. त्या मला इतक्या जवळ असून मला त्यांची भीती वाटते. पाऊस सुरू झाला, लाइन भरल्या. मी घेतलेल्या फोनवर एक वयस्क बाई होती. "सॉरी टु बॉदर यू, डिअर," ती म्हणाली, "आय नो यू मस्ट बी बिझी." शेजारची लाइन गप्प होती. मी तिचा पत्ता लिहून घेतला आणि तिला थांबायला सांगितलं. सांगताना माझा आवाज अगदी शांत होता. गप्प लाइनवर बराच वेळ कान देऊन ऐकलं. कापड घासल्याचा आवाज, पावलं, लांबून कुणाचं तरी हसणं. कुणाच्या तरी खिशात चुकून बटण दाबलं गेलं होतं.

परत वळले तर त्या बाईंची लाइन बंद झालेली. मी त्यांच्या पत्त्यावर गाडी पाठवली आणि नंबर पुन्हा लावला. तो वाजत राहिला…