चैत्रातलं पाणी

आमच्या रेवदंड्याच्या खाडीकाठी घर बघायला कोणी आला की आधी त्याला विहिरीवर नेतात. पोहरा त्यानेच सोडायचा, पाणी त्यानेच प्यायचं आणि मग विचारायचं, "चैत्रात कसं असतं?" मीही माझं घर घेताना विचारलं होतं.

माझा पुतण्या पनवेलला असतो. बाप गेल्यावर त्याने आमच्या शेजारचं त्यांचं घर विकायला काढलं. श्रावणात फोन घेऊन आला.

"काका, आता लोक व्हिडिओ बघूनच घरं घेतात. तुम्ही बोला. तुमचं तोंड बघून भरवसा बसतो."

चौथी शिकलेला माणूस मी. फुगलो. इस्त्रीचा सदरा घातला, त्यांच्या विहिरीतून पोहरा काढला, फोनपुढे घटाघटा प्यायलो आणि म्हटलं, "शहाळ्यासारखं गोड हाय."

श्रावणात ते गोडच असतं. चैत्रात खारं होतं, ते बोललो नाही. समोर माणूस असता तर त्याने विचारलं असतं, आणि कोणाच्या तोंडावर मी कधी खोटं बोललो नव्हतो. फोनने काही विचारलं नाही. "झालं, झालं!" म्हणत पुतण्याने तो खिशात टाकला.

नाशिकच्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी ते घर घेतलं. एकट्याच राहायला आल्या. कागद करायला आल्या तेव्हा विहिरीकडे फिरकल्याही नाहीत. ती तर त्यांनी व्हिडिओत बघितलेलीच होती.

चैत्रात त्यांनी मला चहाला बोलावलं. दूध घातलं तसा चहा फाटला. पुन्हा ठेवला, तोही फाटला.

"दूधच नासकं आलंय, नाही का हो काका?"

"व्हय," मी म्हटलं. "आजकाल दूध असलंच."

हे मात्र तोंडावर बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दूधवाल्याला झापत होत्या. तो बिचारा किटली धरून उभा. "बाई, म्हशीची शप्पथ, पानी न्हाय घातलं!" माझ्याच्याने अंगणात राहवेना. दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी जाऊन म्हटलं, "त्याला बोलू नका. दूध चांगलं हाय. चैत्रात विहीर खारी होते, त्यानं चहा फाटतो. मला म्हाईत होतं."

बाईंनी दुधाचं पातेलं पायरीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "तो व्हिडिओ मी चारदा बघितला होता, काका. तुम्ही प्यायलात, म्हणून घेतलं."

आता रोज गावच्या नळावरून गोड्या पाण्याची एक कळशी भरून त्यांच्या पायरीवर ठेवून येतो. सांजेला ती रिकामी, घासलेली, गडग्यावर उपडी असते. चहाला त्या बोलावत नाहीत.