डॉक्टरीणबाईंनी सुई बाजूला ठेवली

डॉ. सुचित्रा परबचा दवाखाना लालबागला, चाळीच्या तळमजल्यावर. एमबीबीएस झाल्यावर ती चिनी सुयांचा उपचार शिकायला गेली, तेव्हा बरोबरच्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. तिने मनावर घेतलं नाही. गुडघा, कंबर, मान धरून माणसं येत. कुणाला गुण येई, कुणाला नाही. ज्याला येत नसे त्याला ती तसं तोंडावर सांगे.

शिवडीच्या गोदामात आयुष्यभर गोणी वाहिलेले जयवंत तात्या गुडघ्यासाठी यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "बाय, सुई टोचतंस पावलात आणि गुडघो हलको होता. ह्या कसा?"

"चिनी वैद्य म्हणतात, अंगात 'ची' नावाची शक्ती वाहते, ती अडली की दुखतं. आमचं कॉलेज म्हणतं, सुई टोचली की नसा मेंदूला निरोप देतात आणि दुखणं दबतं."

"मग खरा काय?"

"ती शक्ती मी कधी पाहिली नाही. पण सुई कुठे टोचायची ते त्यांच्याच नकाशावरून शिकले. नसांचं म्हणणं तपासता येतं, म्हणून माझा भरवसा तिथे जास्त. पुरतं तेही कळलेलं नाही, तात्या."

पुढच्या खेपेला तात्या मुलाच्या, दीपकच्या, आधाराने आले. अंग घामाने भिजलेलं, डावा खांदा दुखत होता, जबडा जड. "आज गुडघो ऱ्हवांदे," ते म्हणाले, "खांद्यात टोच."

खांद्याची जागा सुचित्राच्या बोटांना पाठ होती. तिने सुयांचा ट्रे बाजूला सारला आणि ईसीजीच्या तारा लावल्या. कागदावरची रेघ बघताच तात्यांना रक्त पातळ करायची गोळी चावायला दिली आणि अँब्युलन्स बोलावली. परळच्या इस्पितळात त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाची बंद नळी उघडली.

तात्या घरी आल्यावर दीपक दवाखान्यात आला. "मॅडम, तुमचं चिनी शास्त्र खोटंच निघालं की."

"हृदयाचं दुखणं त्या शास्त्रालाही माहीत आहे," ती म्हणाली. "पण कुठली नळी बंद आहे, हातात वेळ किती आहे, हे त्यातून कळलं नसतं. म्हणून त्या दिवशी ते बाजूला ठेवलं."

"आणि बाबांचा गुडघा?"

"हृदयाच्या डॉक्टरांना विचारू. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत."

डॉक्टरांनी होकार दिला तेव्हा तात्या पुन्हा टेबलावर आडवे झाले. प्रत्येक सुई काढल्यावर सुचित्राने कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरला. बाहेर बाकड्यावर दीपक मान चोळत बसला होता.

"दिवसभर कॉम्प्युटर," तो ओशाळून म्हणाला.

"या आत," सुचित्रा म्हणाली. "आधी तपासते. सुईचं मग बघू."